बाईंचा मास्टर पासवर्ड

विक्रोळीच्या ज्या कंपनीत मी चोवीस वर्षं काम केलं, तिथं माझं नाव फार थोड्यांना माहीत होतं. बाकीच्यांसाठी मी रिसेट मॅडम. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागायचा तो अकरापर्यंत थांबायचा नाही. शनिवार-रविवारच्या सुट्टीत माणसं आपला पासवर्ड विसरून यायची. मी त्यांचा जुना पासवर्ड पुसायचे आणि नवा द्यायचे. काम एवढंच. घरी बाबा विचारायचे, "आज काय केलंस?" मी म्हणायचे, "अठरा जणांना आत घेतलं." बाबा त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. ते म्हणायचे, "मग आपलं काम सारखंच की."

मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर मी घरोघरी जाऊन कॉम्प्युटर आणि मोबाईलची कामं करायला लागले. स्कूटरवर घाटकोपर ते मुलुंड. बहुतेक गिऱ्हाइकं साठीच्या पुढची. त्यांचे पासवर्ड कॅलेंडरच्या मागे, डायरीत, औषधांच्या डब्याच्या झाकणावर. मी गेले की पहिलं काम ते सगळं एका पासवर्ड मॅनेजरमध्ये भरायचं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पासवर्ड मॅनेजर म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड ठेवायची फोनमधली तिजोरी. ती दोन प्रकारची. एक फोनबरोबरच येते. काही बसवावं लागत नाही, फोन स्वतःच विचारतो, "हा पासवर्ड लक्षात ठेवू का?" तुम्ही हो म्हणता आणि विसरून जाता. ही तिजोरी बहुधा फोनच्याच कुलपाने उघडते. दुसरी वेगळ्या कंपनीची, वेगळी बसवायची. तिला स्वतःचं कुलूप असतं, त्याला मास्टर पासवर्ड म्हणतात. तो मात्र तुमच्या डोक्यातच ठेवायचा. तो विसरलात तर ती कंपनीसुद्धा तुम्हाला आत घेऊ शकत नाही, कारण तो त्यांच्याकडेही नसतो.

यातली कुठली चांगली, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. पूर्वी मी ताडकन उत्तर द्यायचे. वेगळी. त्याला कारण होतं साकीनाक्याचा एक वर्कशॉपवाला. त्याच्या फोनचा पिन होता चार वेळा एक. चहाच्या टपरीवर कुणीतरी तो पाहिला आणि रिक्षात फोन हिसकावून नेला. त्या पिनने चोराने फोन उघडला आणि फोनबरोबर सगळं मिळालं: मेल, फोटो, बायकोची आणि मेव्हण्याची खाती. "मॅडम, एक चावी में पूरा घर गया," असं तो म्हणाला. तेव्हापासून मी वेगळ्या तिजोरीची प्रचारक झाले. दोन कुलपं असली की चोर दमतो, असं ठासून सांगायचे. हे सगळं मला तेव्हा इतकं स्पष्ट दिसत होतं.

मग सावंतबाईंचं प्रकरण झालं.

नलिनी सावंत या विक्रोळीच्या शाळेत मला पाचवी ते सातवी मराठीला होत्या. शुद्धलेखनाला इतक्या कडक की ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पूर्ण वाक्य पुन्हा लिहायला लावायच्या. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, त्यांनी मला स्वतःच्या नावावर वाचनालयातून पुस्तकं आणून दिली. निवृत्त झाल्यावर त्या मुलुंड पूर्वेला राहायला गेल्या. घरात त्या आणि सावंतकाका, दोघंच. मूलबाळ नाही. काका मूळचे मालवणकडचे, त्यांचे वडील गिरणीत होते आणि ते स्वतः आमच्याच कंपनीत फिटर. बाईंनी चाळीस वर्षं शुद्ध मराठी बोलून पाहिलं, पण काकांची मालवणी काही हलली नाही.

दोन वर्षांपूर्वी बाईंचा फोन आला. "ज्योती, हे घरी नसताना ये. मंगळवारी सकाळी ते बँकेत आणि मग मित्राकडे जातात."

मी गेले. बाईंनी चहा आधीच करून ठेवला होता. म्हणाल्या, "माझ्या फोनमध्ये मी जे पासवर्ड ठेवते ते ह्यांच्या टॅबवरही दिसतात. असं का?"

मी पाहिलं. दोघांनी एकच खातं वापरलं होतं, त्यामुळे फोनची तिजोरी आपोआप टॅबवरही उघडत होती. नवरा-बायकोंच्या बाबतीत हे फार घरांत असतं आणि कुणाला काही वाटत नाही.

"मला वेगळी हवी," बाई म्हणाल्या. "माझी. त्यात कागदही ठेवता येतात ना? फोटो काढून?"

"येतात. आणि लिहूनही ठेवता येतं, वहीसारखं."

"मग तीच."

मला फार आनंद झाला. सत्तरीची बाई स्वतःहून वेगळी तिजोरी मागते, आणि तीही माझी बाई. मी उत्साहाने सगळं बसवून दिलं. मास्टर पासवर्ड म्हणून एखादं वाक्य घ्या म्हटलं, तुम्हालाच माहीत असेल असं. त्यांनी मला खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि तो टाकला. बराच वेळ लागला त्यांना.

मग त्यांनी विचारलं, "आणि मलाच आठवला नाही तर?"

मी हसले. म्हटलं, "बाई, तुम्हाला? तुम्हाला अजून आमच्या वर्गाची हजेरी पाठ असेल."

त्या हसल्या नाहीत. हे मला त्या दिवशी दिसलं होतं. दिसलं, आणि मी त्याचा काही अर्थ लावला नाही. चोवीस वर्षं विसरणाऱ्या माणसांशीच माझा व्यवहार होता. कोण विसरण्याची थट्टा करतंय आणि कोण घाबरलंय, हे मला कळायला हवं होतं.

"तरीपण," त्या म्हणाल्या.

मी सोय सांगितली. अडचणीच्या वेळेसाठी एक माणूस नेमता येतो. त्या माणसाने अर्ज केला की मालकाला मेल येतो. मालकाने ठरलेल्या मुदतीत त्या मेलमधूनच नाही म्हटलं तर अर्ज रद्द. काहीच म्हटलं नाही तर मुदत संपल्यावर तिजोरी त्या माणसाला उघडते. म्हटलं, "काकांना ठेवूया."

"त्यांना नको. तुला ठेव."

"मला? बाई, मी बाहेरची."

"म्हणूनच. मुदत सात दिवसांची ठेव."

मी ठेवली. दुसरा उपाय होता वाचवण्याची किल्ली, म्हणजे मास्टर पासवर्ड विसरला तरी तिजोरी उघडणारा लांबलचक आकडा, कागदावर छापून ठेवायची. तो कागद मी छापून आणला. बाईंनी माझ्यासमोर त्याचे चार तुकडे केले. "कागद सापडतात," त्या म्हणाल्या. मी माझं काम झालं म्हणून स्कूटर काढली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेले.

यंदा काकांचा फोन आला. दुपारची वेळ होती, मी भांडूपला एका प्रिंटरशी झगडत होते.

"ज्योती गो, तुका येळ आसा काय? बाईचे रिपोर्ट तुज्याकडे आसत म्हणता ती."

"कसले रिपोर्ट, काका?"

"डोक्याचे."

मी प्रिंटर तसाच टाकून मुलुंडला गेले. काकांनी मला दाराबाहेर, जिन्यातच थांबवलं आणि सगळं सांगितलं. गेले काही महिने बाई विसरत होत्या. आधी नावं, मग रस्ते. बाजारातून परत येताना त्या एकदा भलत्याच इमारतीत शिरल्या आणि तिथल्या लोकांना ‘तुम्ही माझ्या घरात काय करताय’ म्हणून विचारलं. काका त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आणि सहज विचारलं, आधी कधी डोक्याचा स्कॅन काढलाय का, जुना असेल तर तुलना करता येईल, औषध ठरवायला उपयोग होईल.

काका नाही म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "काढलाय. ज्योतीकडे आहे."

"खयच्या हॉस्पिटलात काढल्यान, कधी काढल्यान, तिका आठवणा नाय," काका म्हणाले. "तिणा माका कायएक सांगूक नाय. एकटी गेली नि काढून इली. आणि तुका म्हायत व्हता?"

"नाही हो काका. मला काहीच माहीत नव्हतं."

त्यांना माझं खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. मलाही हळूहळूच उलगडलं. रिपोर्ट माझ्याकडे नव्हते, पण ते उघडायचा हक्क माझ्याकडे होता. बाईंनी तो मला दिला होता आणि मी तो फोनच्या एका सेटिंगइतकाच हलका समजले होते.

बाई आत झोपाळ्यावर बसल्या होत्या. मला ओळखलं. "ये, ज्योती. वजन वाढलंय तुझं."

मी त्यांचा फोन मागितला. तो नवा होता. जुना बिघडला म्हणून काकांनी महिन्यापूर्वी बदलला होता. फोनबरोबर येणारी तिजोरी आपोआप नव्या फोनवर आली होती, काकांनी काहीही न करता. वीजबिल, गॅस, बँक, सगळं जागच्या जागी. वेगळी तिजोरीही दिसत होती, पण नव्या फोनवर ती एकदा तरी मास्टर पासवर्ड मागतेच, त्याशिवाय बोटाचा ठसा घेत नाही.

"बाई, ते वाक्य आठवतंय?"

त्यांनी फोन हातात घेतला. पहिले दोन शब्द टाकले असतील, मग थांबल्या. पुसलं. पुन्हा टाकलं. तिजोरीने चुकलं म्हणून सांगितलं. चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्यांनी फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि पदराने कपाळ पुसलं. शाळेत एखाद्या मुलाला फळ्यापाशी उभं केल्यावर त्याची जी अवस्था व्हायची, ती त्यांची झाली होती. समोर मी बसले होते. मी म्हटलं, "राहू द्या बाई, दुसरा मार्ग आहे."

जिन्यात काका परत माझ्याबरोबर आले. त्यांनी शांतपणे विचारलं, "तू सांगितलंस म्हणान तिणा ह्यो येगळो घेतल्यान. फोनातलोच ऱ्हवलो आसतो तर आज सगळा माका उघाडला आसता ना?"

"हो काका. उघडलं असतं."

"मगे ह्या बरा की ता बरा?"

वर्कशॉपवाल्याचं खरं होतं आणि काकांचंही खरं होतं. पण माझा मूळ गोंधळ वेगळाच होता. बाईंना वेगळी तिजोरी चोरापासून नको होती. ती काकांपासून हवी होती. आणि आता ती काकांसाठीच उघडायची होती. उघडायची परवानगी कुठल्या बाईंची घ्यायची? दोन वर्षांपूर्वी "त्यांना नको" म्हणणाऱ्या बाईंची, की आज झोपाळ्यावर बसलेल्या बाईंची?

मी परत आत गेले आणि आजच्या बाईंना विचारलं. सगळं नीट समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "कर अर्ज. डॉक्टरांना हवाय ना." मी त्यांच्यासमोर माझ्या फोनवरून अर्ज केला.

तिसऱ्या दिवशी मला मेल आला. अर्ज नाकारला.

मी पुन्हा मुलुंडला. बाई अस्वस्थ होत्या. "ज्योती, बरं झालं आलीस. कुणीतरी माझी तिजोरी फोडायला बघतंय. मी थांबवलं."

"बाई, ती मीच."

"तू? तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी क्षणभर सहावीत जाऊन पोचले. काका मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. म्हणाले, सात दिवस फोन कपाटात ठेवतो, बिघडलाय म्हणून सांगतो, मेल तिला दिसणारच नाही. डॉक्टरांची पुढची वेळ दहा दिवसांवर होती. हे अगदी सोपं होतं. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही अडचण नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी नको म्हणायच्या ऐवजी गप्प राहिले. काका फोन उचलायला बाहेर गेले. त्यांच्या पाठीमागून मी गेले, आणि बाईंच्या हातात फोन दिसला. त्या काहीतरी वाचत होत्या, बोटाने ओळ धरून, शाळेत वाचायच्या तशाच. मला ते जमेना. मी काकांचा हात धरला.

"काका, त्यांनाच लिहू दे. त्यांच्या हातचं."

मी वहीतलं पान फाडून बाईंसमोर ठेवलं. पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बाईंनी चष्मा लावला आणि लिहिलं: ‘ज्योतीने माझी तिजोरी उघडण्यासाठी अर्ज केला आहे. तो मी सांगितल्यावरून केला आहे. नाकारू नये.’ खाली सही केली. अक्षर पूर्वीसारखंच, एकही काना इकडचा तिकडे नाही. पान फ्रिजवर लावलं. मी दुसऱ्यांदा अर्ज केला.

ते सात दिवस मी कुणाचंही काम धड केलं नाही. घाटकोपरला एकाच्या कॉम्प्युटरमधून चुकीची फाईल उडवली आणि ती परत मिळवायला दोन तास घालवले. काकांचा रोज फोन यायचा. दुसऱ्या दिवशी बाईंनी मेल बघितला आणि चिडल्या. काकांनी त्यांना फ्रिजपाशी नेलं. त्यांनी पान वाचलं, म्हणाल्या, "हे माझं अक्षर आहे. मग असू दे." चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी त्यांनी पेन घेऊन खाली एक ओळ वाढवली: ‘मात्र उघडताना मी समोर असावे.’

काका म्हणाले, "आता काय करूचा?"

"लिहिलंय तसंच करायचं," मी म्हटलं. या सगळ्या प्रकरणात मला खात्रीने माहीत असलेली ती एकच गोष्ट होती.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही तिघं त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. बाई मधे. मी माझा लॅपटॉप उघडला. तिजोरी उघडली. आत फारसं काही नव्हतं. एका बाजूला रिपोर्टचे फोटो होते, घाटकोपरच्या एका हॉस्पिटलचे, नीट क्रमाने लावलेले. दुसऱ्या बाजूला एक टिपण होतं. त्याचं नाव ‘वही’.

मी फक्त रिपोर्ट उतरवून घेतले आणि काकांच्या टॅबवर पाठवले. लॅपटॉप मिटायला हात लावला तेवढ्यात काकांनी विचारलं, "ता वही म्हणजे काय?"

मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "उघड. मी वाचते."

"बाई, नक्की?"

"मी समोर आहे ना?"

मी वही उघडून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्या वाचायला लागल्या, वर्गात वाचायच्या तशा, स्वच्छ आवाजात, स्वल्पविरामाला थांबून.

"आज शेजारच्या मुलीचे नाव दुपारपर्यंत आठवले नाही. ह्यांना उद्या सांगायचे."

"कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, किती झाल्या ते गेले. भात करपला. ह्यांना वाटले फोनवर बोलत बसले होते. तसेच वाटू दिले. उद्या सांगायचे."

"डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, घरच्यांना घेऊन या. उद्या सांगेन."

"पाचवीच्या पुस्तकातली कविता, तिसरे कडवे नाही. शोधून पाठ केले. संध्याकाळी पुन्हा नाही. ह्यांच्या पायाचे दुखणे चालू आहे, ते बरे झाले की सांगेन."

अशी बरीच टिपणं होती. प्रत्येकाच्या शेवटी तेच. काका टेबलावरच्या स्टीलच्या ग्लासाकडे बघत होते. मी उठून खिडकीपाशी गेले, पण आवाज येतच होता. मग बाई मधेच थांबल्या. त्यांनी चष्मा काढला आणि काकांकडे वळल्या.

"हे सगळं तुम्हाला सांगायचं राहिलंय वाटतं."

काकांनी ग्लास बाजूला सारला. "सांग मगे आता."

"सांगितलं की आत्ता," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी जुना स्कॅन आणि नवा स्कॅन शेजारी ठेवून बघितला. आजार सावकाश चाललाय, म्हणाले. दोन वर्षांत भीती होती तितकं बिघडलेलं नाही, त्याप्रमाणे औषध ठरवलं. विसरणं थांबलेलं नाही, पण काका आता बरोबर बाजारात जातात आणि कुकरच्या शिट्ट्या दोघं मिळून मोजतात. त्यात एकदा दोघांचंही चुकलं, असं काकांनी मला हसत सांगितलं.

मला मात्र अजून विचारतात, फोनमधली तिजोरी बरी की वेगळी? मी आता लगेच बोलत नाही. आधी विचारते, घरात कोण कोण आहे, फोन कोणाच्या हातात पडतो, तुम्हाला कोणापासून काय लपवायचंय आणि ते किती दिवस लपवायचंय. या शेवटच्या प्रश्नावर काही लोक माझ्यावर नाराज होतात. मुलुंडच्याच एका बाईंनी तर मला पुन्हा बोलावलं नाही. ज्याला एकच फोन आहे आणि जो सगळं विसरतो, त्याला मी आता फोनमधलीच ठेवा म्हणते, फक्त पिन लांब ठेवायला लावते. पुढच्या घरी मी नेमकं उलटं सांगते. दोन्हीकडे घरी परतताना मला वाटतं की आपण चुकलो. चोवीस वर्षं मी लोकांना नवा पासवर्ड देऊन आत घेत होते. आत काय असतं, ते बघायची कधी वेळच आली नव्हती.

बाईंच्या घरी आम्ही शेवटी दोन्ही ठेवल्या. वीज, गॅस, बँक फोनमधल्या तिजोरीत, काकांच्या टॅबवरही दिसतील अशा. वही वेगळ्या तिजोरीत. ती मी नव्याने बसवून दिली, कारण बाईंना लिहायचं थांबवायचं नव्हतं. नवा मास्टर पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा मी सवयीने तोंड फिरवलं. काकाही उठून भिंतीकडे वळले.

"तुम्ही कुठे चाललात?" बाई काकांना म्हणाल्या. "वळू नका. बघा."

"माका चष्म्याशिवाय दिसणा नाय."

"मग चष्मा घेऊन या."

काका आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा, मग ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. चष्मा लवकर सापडेना. बाई बोट पहिल्या अक्षरावर धरून, न दाबता, तशाच थांबून राहिल्या.